हॅम्स्टरचं बेडिंग निवडताना या चुका टाळा

हॅम्स्टर घरी आणला की पिंजरा कुठला घ्यायचा यावर घरात दोन दिवस चर्चा होते, खायला काय द्यायचं यावर होते, आणि बेडिंग, म्हणजे पिंजऱ्यात खाली पसरायचा भुसा किंवा कागद, ते मात्र दुकानदार पिशवीत जे कोंबून देईल ते. मग पंधरा दिवसांत तक्रारी सुरू. शिंकतोय, वास मारतोय, रात्रभर पिंजऱ्याचे बार कुरतडतोय, पोटाखालचे केस गेले. यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ त्या बेडिंगमध्येच असतं, कारण आपण त्याला खाली टाकायची चटई समजतो आणि हॅम्स्टर मात्र त्याच्या आत राहतो, आत झोपतो, दाणे आत लपवतो, श्वाससुद्धा आतलाच घेतो.

सुताराकडचा फुकटचा भुसा

घरात फर्निचरचं काम चाललेलं असतं, कोपऱ्यात भुश्याचा ढीग दिसतो आणि वाटतं झालं, महिन्याभराची सोय झाली. पण आजकाल सुतारकामात नुसतं लाकूड असतंच कुठे, निम्मं प्लायवूड आणि एमडीएफ, म्हणजे त्या भुश्यात फॉर्मल्डिहाइडवाला गोंद, सनमायकाचे तुकडे, पॉलिशची पूड, वर एखादा बारीक खिळा पण निघतो. वखारीतून आणलात तर गोंद नसेल, पण कुठल्या कुठल्या झाडांचा भुसा एकत्र पडलाय ते तिथल्या माणसालाही सांगता येत नाही, आणि सागाच्या धुळीने तर सुतारांच्याच अंगाला खाज सुटते मग या एवढ्याशा जिवाचं काय.

त्यात करवतीचा भुसा म्हणजे पीठच. हॅम्स्टर तोंड खुपसून खणतो त्यामुळे ते सरळ नाकाडोळ्यांत जातं. लाकडाचंच बेडिंग हवं असेल तर शेव्हिंग्ज घ्या, म्हणजे रंध्यातून निघतात तशी कुरळी सालपटं, आणि विकत आणलेल्या पाकिटाची पण एकदा परीक्षा घ्या: खिडकीतून उन्हाची तिरीप येते तिथे मूठभर बेडिंग धरून हलकेच झटका. हवेत धूर उठल्यासारखी धूळ दिसली तर ते पाकीट कितीही महाग असो, हॅम्स्टरसाठी बाद.

"किती छान वास येतोय!"

हीच ती चूक जी शिकलीसवरलेली माणसं पण करतात. ताज्या पाइनचा किंवा सीडरचा तो जंगलासारखा वास म्हणजे लाकडातली उडून जाणारी तेलं आणि फिनॉलसारखी रसायनं. 1967 मध्येच प्रयोगशाळेतल्या उंदरांवर दिसलं होतं की अशा मऊ लाकडाच्या, विशेषतः रेड सीडरच्या बेडिंगवर ठेवलेल्या प्राण्यांच्या यकृतातली औषधं पचवणारी एन्झाइम्स वाढतात, म्हणजे नुसतं त्यावर राहून शरीराच्या आतलं काम बदलतं. त्यामुळे सीडर नकोच, आणि आपल्याकडचा देवदार हा पण तसाच तेलकट वासाचा, तोही नको.

पाइनबद्दल मात्र मतं वेगवेगळी आहेत. भट्टीत वाळवलेल्या पाइनमधली बरीच तेलं उडून गेलेली असतात, पाकिटावर किल्न ड्राइड असं लिहिलेलं असतं, ते चालतं असं पुष्कळ जण म्हणतात. माझं विचाराल तर नाक लावून बघा, वास जाणवला तर नकोच. अ‍ॅस्पेन नावाच्या झाडाच्या शेव्हिंग्ज मिळाल्या तर उत्तम, त्यात तशी वासाची तेलं नसतात, फक्त बाहेरून येतात म्हणून खिसा हलका होतो.

लॅव्हेंडर, लेमन असलं सुगंधी बेडिंग पण याच यादीत. आणि घरात काही जण वास जावा म्हणून वरून बेबी पावडर भुरभुरतात किंवा पिंजऱ्यामागे डांबरगोळी ठेवतात ते आजच बंद करा. पिंजऱ्याशेजारी उदबत्ती आणि मच्छर कॉइल पण नको.

रंगीत कापूस

पेट शॉपमध्ये गुलाबी, निळा, मऊमऊ कापूस छोट्या पिशवीत मिळतो, वर हॅम्स्टरचा फोटो, मुलांना तोच हवा असतो. हा प्रकार खरंच धोक्याचा आहे. त्याचे तंतू तुटत नाहीत, ताणले जातात, पायाभोवती गुंडाळले की जितका सोडवायला जाल तितके आवळतात, रक्त थांबतं आणि पाय गमवायची वेळ येते. गिळला गेला तर आतड्यात अडकतो. लोकर, मोज्याचे तुकडे, जुन्या गोधडीच्या चिंध्या यांचंही तेच, दोरे निघतातच.

घरटं करायला सगळ्यात भारी म्हणजे साधा, पांढरा, बिनवासाचा टॉयलेट पेपर, उभ्या पट्ट्या फाडून एका कोपऱ्यात ठेवा आणि गंमत बघा. एकेक पट्टी दोन्ही पंजांनी गालात कोंबत जातो, गाल खांद्यापर्यंत फुगतात, मग घरट्यात जाऊन मागून पुढे पंजे दाबत सगळं बाहेर काढतो. हे एकदा पाहिलं की लक्षात येतं, बेडिंग म्हणून आपण जे टाकू ते त्याच्या तोंडात जाणारच आहे. म्हणूनच मांजरीची गोळे होणारी लिटर, म्हणजे तिच्या शी-शूसाठीची वाळू, अजिबात नको, ती ओलाव्याने फुगते आणि तोंडात ओलावा असतोच.

रद्दी पेपरवर काहींचा फार जीव असतो. शाई लागून पंजे काळे होतात, लघवी शोषत नाही, बोगदा पण टिकत नाही. तळाला एक थर टाकायचा तर टाका. ऑफिसातल्या श्रेडरच्या पट्ट्या आणत असाल तर स्टेपलरच्या पिना आणि दुकानांची गुळगुळीत बिलं आधी बाजूला काढा.

दोन इंचांचा थर

आता सगळ्यात मोठी चूक. बेडिंग चांगलं आणलं, पण टाकलं किती, तर ट्रे झाकला जाईल एवढं. घराघरांत असतो तो सीरियन हॅम्स्टर मूळचा सीरियातल्या अलेप्पोजवळचा, 1930 मध्ये इस्रायल अहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने तिथून एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली आणि आजचे पाळीव सीरियन बहुतेक त्याच पिल्लांचे वंशज. 2001 च्या अभ्यासात तिथल्या जंगली हॅम्स्टरची बिळं मोजली तर सरासरी 65 सेंटिमीटर खोल निघाली. आणि आपण त्याला देतो पाच सेंटिमीटर.

याने काय फरक पडतो ते स्वित्झर्लंडच्या बर्नमधल्या संशोधकांनी नीट तपासलं, 2006 मध्ये छापून आलंय. काही हॅम्स्टरना 10 सेंटिमीटर बेडिंग दिलं, काहींना 40, काहींना 80. दहावाले बाकीच्यांपेक्षा बार जास्त कुरतडत होते, चाकावर पण जास्त पळत होते, आणि 80 वाल्या पिंजऱ्यांत बार कुरतडणं दिसलंच नाही. तेव्हा रात्री दोन वाजता तो कट्‌कट् आवाज येत असेल तर चावायची खेळणी आणण्याआधी बेडिंगची खोली बघा.

80 सगळ्यांना जमणार नाही, मान्य, पण निदान एका बाजूला 20-25 सेंटिमीटर तरी द्या, जास्त जमलं तर फारच छान. बाजारातल्या जाळीच्या पिंजऱ्याचा ट्रे उथळ असतो, बेडिंग खणून सगळं हॉलमध्ये येतं आणि मग घरची मंडळी वैतागतात. त्यापेक्षा मोठा प्लास्टिकचा स्टोरेज बॉक्स, झाकणाला भलंमोठं भोक पाडून जाळी बसवलेली, किंवा गळका झालेला जुना फिश टँक. नुसत्या शेव्हिंग्जमध्ये बोगदा ढासळतो, म्हणून कागदी बेडिंग जास्त, शेव्हिंग्ज कमी, मधेमधे सुकं गवत असे थर देऊन हाताने हलकं दाबत जा. आणि जड घर किंवा मातीचं भांडं भुसभुशीत बेडिंगवर ठेवू नका, खालून खणलं की ते त्याच्यावरच बसतं. अशा वस्तू पाय असलेल्या फळीवर ठेवा, फळीचे पाय तळाला टेकलेले.

दर रविवारी सगळं फेकून फिनाइलने धुणं

स्वच्छतेची हौस चांगली, पण हॅम्स्टर वासावर जगतो. त्याचं घर, त्याचा रस्ता, त्याचं कोठार सगळं त्याला वासाने कळतं, आणि आपण आठवड्यातून एकदा ते पुसून टाकतो. मग तो घाबरतो, पुन्हा सगळीकडे खुणा करत सुटतो, आणि आपल्याला वाटतं आत्ताच धुतलं तरी वास कसा. फिनाइलचा उग्र वास तर त्याला सहनच होत नाही.

बहुतेक हॅम्स्टर एकाच कोपऱ्यात लघवी करतात. तिथलं ओलं बेडिंग दोन-तीन दिवसांनी काढा, तिथे वाळूचं एक भांडं ठेवलंत तर काम आणखी हलकं होतं. काकडी-गाजराचे तुकडे कोठारात लपवलेत का ते बघा, घाणेरडा वास बऱ्याचदा त्याचाच असतो. मोठी सफाई करताना निम्म्याहून जास्त बदलू नका आणि जुनं कोरडं बेडिंग नव्यात मिसळा, घरट्याला शक्यतो हात लावू नका. पिल्लं झाली असतील तर पहिले दोन आठवडे काहीच उकरू नका, बिथरलेली आई पिल्लं मारून टाकते.

पावसाळा

मुंबई-कोकणात जूननंतर बेडिंगचं गणितच बदलतं. कागद हवेतला ओलावा ओढतो, आणि मक्याच्या बुरकुंडाचं बेडिंग असेल तर त्याला लवकर बुरशी धरते, गिळलं तर पोटात फुगतं, म्हणून ते मला कुठल्याच ऋतूत पटत नाही. पोल्ट्रीवाल्यांकडचं भाताचं तूस स्वस्त पडतं पण टोकदार असतं आणि त्यात बोगदा होत नाही. उघडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ऊन द्यायला गच्चीवर पसरत असाल तर जरा जपून, तिथे कबुतरं आणि उंदीर काय करून जातात ते वेगळं सांगायला नको. बारीक किडे वाटले तर बंद पिशवीत दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग पूर्ण कोरडं झाल्यावरच वापरा.

रोबो (रोबोरोव्स्की जातीचे) आणि इतर बुटके हॅम्स्टर असतील तर वाळूचं भांडं हवंच, पण डस्ट असं लिहिलेली पावडर किंवा कॅल्शियमची वाळू नको. समुद्राची पण नको, खारट असते. नदीची वाळू चाळून, धूळ जाईपर्यंत धुऊन, कढईत खरपूस तापवून गार केली की झालं.

बेडिंगचा दोष की आजार?

नुसत्या शिंका येत असतील, बाकी खाणंपिणं पळणं ठीक असेल, तर काही दिवस सगळं काढून फक्त टॉयलेट पेपरवर ठेवा, इथे निम्म्याचा नियम बाजूला. शिंका थांबल्या तर दोष बेडिंगचा. नाक ओलं, श्वासाला घरघर, खाणं बंद, असं असेल तर प्रयोग करत बसू नका. पोटाखालचे केस गेले असतील तर ओलं बेडिंग, अ‍ॅलर्जी किंवा माइट्स म्हणजे कातडीवरचे बारीक किडे, तिन्हीपैकी काहीही असू शकतं, ते डॉक्टरच सांगणार. सीरियनच्या दोन्ही कुशींवर काळपट डाग दिसले म्हणून घाबरून हळद लावू नका, त्या वासाच्या ग्रंथी आहेत, नैसर्गिकच.

आणि शेपटीखाली ओलं, चिकट, घाण वास, तो मलूल होऊन कोपऱ्यात बसलेला, याला वेट टेल म्हणतात. बेडिंग ओलं झालं म्हणून असेल असं समजून लोक नुसतं बेडिंग बदलतात आणि दिवस घालवतात. तो जिवाणूंमुळे होणारा जुलाब आहे, ताण पडलेल्या लहान पिल्लांत जास्त, आणि हॅम्स्टर फार झपाट्याने खालावतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, शक्यतो ससे-हॅम्स्टर बघणारे, आधी फोन करून विचारा कारण सगळे बघत नाहीत. जाताना तळाला टिश्यू घालून त्याला छोट्या डब्यात न्या, आणि वापरात असलेलं मूठभर बेडिंग व पाकिटाचा फोटो सोबत ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.