मोबाईल डीजेसाठी बॅकअपचा छोटा स्पीकर कसा निवडावा

कोरेगाव तालुक्यातलं एक लग्न. मुहूर्त १२.३५ चा. अंतरपाट धरलेला, मामा नवरीला घेऊन आलेले, गुरुजींनी माईक हातात घेतला आणि माझे दोन्ही टॉप, म्हणजे मुख्य स्पीकर, एकदम गप्प झाले. मांडवातल्या बोर्डाची न्यूट्रलची वायर सैल होती. व्होल्टेज उसळलं आणि टॉपबरोबर मिक्सरही गेला. बॅकअप होता माझ्याकडे: गाडीत १५ इंची दोन टॉप, एकेक वीस किलोच्या वरचा, आणि तेही त्याच बोर्डावर लावावे लागणार होते. मी पहिला टॉप मांडवाच्या कडेला आणेपर्यंत मंगलाष्टका संपत आल्या होत्या. पुढच्या चार रांगांनी ‘सावधान’ ऐकून अक्षता टाकल्या. नवरीची आजी गुडघे दुखतात म्हणून मागे, भिंतीला टेकून खुर्चीवर बसली होती. तिच्यापर्यंत काही पोचलंच नाही. सगळे टाळ्या वाजवायला लागले तरी तिची अक्षतांची मूठ मिटलेलीच होती.

सातारा जिल्ह्यात गाडीत सेटअप घालून सुपाऱ्या करणाऱ्या प्रत्येक मोबाईल डीजेला माझं हेच सांगणं आहे. बॅकअप निवडायचा तो जी दहा-पंधरा मिनिटं पुन्हा येत नाहीत त्यांच्यासाठी. वरातीतलं गाणं पुन्हा लावता येतं, मंगलाष्टका पुन्हा म्हणता येत नाहीत. म्हणून मी बॅकअपमध्ये तीनच गोष्टी बघतो: बोललेलं स्वच्छ ऐकू येतं का, मांडवातल्या विजेवाचून चालतो का, आणि एका हातानं उचलता येतो का.

आधी विजेचा विचार करा

स्पीकर आपल्या चुकीनं कमी आणि जागेवरच्या विजेनं जास्त जातात. खेड्यात मांडवाला थ्री फेजमधून लाईन घेतलेली असते. न्यूट्रल सुटला की २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. त्या बोर्डावर बॅकअपही लावून ठेवला असेल तर मेन आणि बॅकअप दोन्ही एकाच क्षणी जातील. म्हणून बॅकअपला स्वतःची बॅटरी असलेली सगळ्यात बरी. बोस एस वन प्रो, जेबीएल इऑन वन कॉम्पॅक्ट, इलेक्ट्रो-व्हॉइस एव्हर्स ८ हे त्या जातीचे स्पीकर आहेत. सात-आठ किलोचे, आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे एका चार्जिंगवर ११ ते १२ तास चालणारे. हे तास मध्यम आवाजाचे असतात. जोरात वाजवलं की तास भराभर कमी होतात, पण आपल्याला मुहूर्त निभवायचा आहे, तेवढ्याला बॅटरी पुरून उरते.

बॅटरीचं बजेट नसेल तर साधा ॲक्टिव्ह स्पीकर घ्या, म्हणजे अँप (अँप्लिफायर) आतच बसवलेला. पॅसिव्ह बॅकअप घेऊ नका. त्याला वेगळा अँप, अँपपासून स्पीकरला जाणारी वेगळी स्पीकॉन केबल लागते आणि ऐन घाईत नेमकी तीच सापडत नाही. ॲक्टिव्ह घेताना मागची पट्टी वाचा. सप्लाय १०० ते २४० व्होल्टचा असेल तर लाईट डिम झाली तरी तो तग धरतो. परदेशातून कुणी आणलेला स्वस्तात मिळतोय म्हणून घेत असाल तर व्होल्टेजचा स्विच ११५ वर आहे का ते आधी बघा. तसाच २३० वर लावला तर पहिल्याच दिवशी जळेल. आणि बॅटरी नसलेला स्पीकर डेकोरेशनवाल्याच्या बोर्डावर लावू नका. कार्यालयातल्या दुसऱ्या लाईनवर किंवा जवळच्या घरातून स्वतःची एक्स्टेंशन ओढून लावा.

मग आकार आणि वजन

८ किंवा १० इंची वूफर, म्हणजे खालचा मोठा गोल स्पीकर. १२ इंचीपासून पुढे तो बॅकअप राहत नाही, दुसरा सेट होतो. वजनाची माझी हद्द १२ किलो. यामाहाचा डीबीआर १० हा १० इंची असून साडेदहा किलोचा आहे, म्हणजे चांगला आवाज आणि हलकं वजन एकत्र मिळू शकतं. इको गाडीत मागच्या सीटखाली किंवा सीटमागे उभा बसला पाहिजे, आणि बाकीचं सामान न हलवता बाहेर निघाला पाहिजे. यवतेश्वरच्या घाटात गाडी वळताना तो आदळणार नाही अशी जागा आधीच ठरवून टाका. खाली ३५ मिलिमीटरचं भोक आहे ना ते बघा, नाहीतर तुमच्या स्टँडवर बसणार नाही.

८ इंचीतून बेसचा दणका मिळणार नाही. हलगीचा कडकडाट येईल, छातीत बसणारा ठोका येणार नाही. त्याची खंत करू नका, ते काम त्याचं नाहीच.

वॅट सोडा, डीबी बघा

खोक्यावर मोठ्या अक्षरात १००० वॅट लिहिलेलं असतं. ते बहुतेक पीक वॅट असतात, म्हणजे क्षणभराचा झटका. सतत मिळणारी ताकद बरीच कमी असते. शिवाय वॅट दुप्पट झाले तरी आवाज ३ डीबीनंच (डेसिबल, आवाज मोजायचं माप) वाढतो. त्यापेक्षा ‘मॅक्सिमम एसपीएल’चा, म्हणजे जास्तीत जास्त किती डीबी आवाज निघतो त्याचा आकडा वाचा. तो स्पीकरपासून १ मीटरवरचा असतो, आणि उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात. १ चे २, २ चे ४, ४ चे ८, ८ चे १६ मीटर: चार वेळा दुप्पट, २४ डीबी गेले.

आता हिशेब करा. वरच्यापैकी जेबीएलचा आकडा ११२ आणि इलेक्ट्रो-व्हॉइसचा १२१. सोळा मीटरवर, म्हणजे मांडवाच्या मागच्या रांगेत, पहिल्याचे ८८ आणि दुसऱ्याचे ९७ उरले. हे आकडेही पीकचे, म्हणून त्यातून आणखी ६ तरी वजा करा. ८२ आणि ९१. साधं बोलणं ६० च्या आसपास असतं, आणि भरल्या मांडवाचा गलका त्याच्या बराच वर जातो. बारशाला, साखरपुड्याला, घरच्या हळदीला पहिला पुरेल. तीनशे माणसांचं उघड्यावरचं लग्न असेल तर दुसऱ्यासारखा घ्या, नाहीतर पहिल्याचे दोन घ्या आणि एक मांडवाच्या मध्यावर उभा करा. आवाज वाढवण्यापेक्षा स्पीकर माणसांच्या जवळ नेणं नेहमीच फायद्याचं. पत्र्याचं छत आणि गुळगुळीत फरशी असलेल्या कार्यालयात तर जोर लावला की आवाज घुमतो आणि शब्द हरवतात.

दुकानात गाणं लावून निवडू नका

कुठलाही स्पीकर दुकानात गाण्यावर छानच वाजतो. तुमचा नेहमीचा वायरचा माईक सोबत न्या. एकाला मंगलाष्टकाच्या चालीत, आवाज ताणून म्हणायला लावा. तुम्ही दुकानाच्या दारापर्यंत, जमलं तर रस्त्यापलीकडे जा आणि पाठ करून उभे राहा. ‘शुभमंगल’मधला श आणि ‘सावधान’मधला स वेगळे कळतात का? हे हिस्स करणारे आवाज वरच्या पट्टीतले, हॉर्नमधून, म्हणजे वूफरच्या वरच्या भोंग्यातून येणारे. हॉर्न कमजोर असेल तर नुसतं ‘उ-अ-आ’ ऐकू येतं. मग आवाज वाढवत न्या. कर्कश होऊन कानाला टोचायला लागला तर तो सोडा. शेवटी पंधरा-वीस मिनिटं तसाच चालू ठेवा आणि मागे हात लावून बघा. मे महिन्यात फलटण-माणकडच्या उन्हात तो याहून तापणार आहे.

मागची जोडणी

वायरचा डायनॅमिक माईक मिक्सरशिवाय थेट स्पीकरला लागला पाहिजे. ही अट मी कधीच सोडत नाही. लाईट गेली की वायरलेस माईकचा रिसीव्हरही बंद पडतो, मग हातातला माईक नुसता दांडा. कंडेन्सर माईकला फँटम पॉवर, म्हणजे केबलमधून मिळणारी वीज लागते आणि ती प्रत्येक छोट्या स्पीकरमधून मिळत नाही. निदान दोन इनपुट हवेत, एक माईकला, एक मोबाईल किंवा लॅपटॉपला, आणि दोघांचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता आला पाहिजे. ब्लूटूथ असलं तर असू दे, जेवणावळीत मंद संगीताला चालतं. मिक्सिंग त्यावर करू नका, आवाज उशिरा येतो.

सीझनच्या आधी

तुळशीचं लग्न लागलं की सुपाऱ्या सुरू होतात. त्याच्या आधी एक वेगळी पिशवी भरा: माईक, कॅनन पिनची (माईकची तीन पिनांची, एक्सएलआर) १० मीटर केबल, मोबाईलची पिन, पॉवर कॉर्ड, टेप. ती स्पीकरच्याच कव्हरला बांधून ठेवा आणि मेन सेटला केबल कमी पडली तरी तिला हात लावू नका. पावसाळ्यात स्पीकर पडून राहणार असेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा, आणि उन्हाळ्यात बंद गाडीत दिवसभर सोडू नका.

मग अंगणात गाडी लावा, हेल्परला मोबाईलवर वेळ लावायला सांगा आणि डिकी उघडण्यापासून माईकमधून पहिला शब्द येईपर्यंत किती वेळ लागतो ते मोजा. आमचं आता दीड मिनिटावर आलंय. कार्यालयात मात्र मी तेवढीही वाट बघत नाही. मुहूर्ताच्या अर्धा तास आधी तो स्पीकर स्टँडवर चढवून मागच्या रांगांजवळ उभा करतो, चालू करून आवाज शून्यावर ठेवतो आणि त्याचा वायरचा माईक गुरुजींच्या पाटाजवळ ठेवून देतो.