बडोद्यात नवे आलात? शहर कळेल अशी हलकीफुलकी पुस्तके कशी शोधावीत

गुजराती पुस्तकाच्या दुकानात 'हळवा निबंध' असे नाव दिसले की मराठी माणूस ते पुस्तक परत ठेवतो. त्याला वाटते, डोळ्यांत पाणी आणणारे काहीतरी असणार. खरे तर गुजरातीत 'हळवुं' म्हणजे हलके, आणि 'हळवा निबंध' म्हणजे गमतीने लिहिलेले लेख. बडोद्यात हलके वाचन शोधताना हा एक शब्द आधी पक्का करून ठेवा. विनोदाचे कपाट विचारायचे असेल तर 'हास्यलेख' किंवा 'हास्य-व्यंग' म्हणा, लगेच समजते.

शोधायला निघण्यापूर्वी एका कागदावर पंधराएक ठिकाणांची नावे लिहा: मांडवी, लहेरीपुरा, न्यायमंदिर, सुरसागर, दांडिया बाजार, रावपुरा, खंडेराव मार्केट, कमाटीबाग, पाणीगेट, वाडी, फतेपुरा, घडियाळी पोळ वगैरे. पुढे पुस्तक पारखायला हीच यादी लागते. एकाच जागेची दोन नावे असतील तर शेजारी शेजारी लिहा. कमाटीबाग म्हणजेच सयाजीबाग. शहराच्या नावाचेही तसेच. मराठी पुस्तकांत 'बडोदे' किंवा 'बडोदा', गुजरातीत 'वडोदरा', आणि 'वडोदरा' हे नाव सरकारदरबारी आले 1974 साली. वाचनालयाच्या सूचीत तिन्ही रूपे शोधली नाहीत तर निम्मी पुस्तके हुकतात.

पहिला मुक्काम मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत करा. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतले आणि संस्थानभर वाचनालयांचे जाळे उभारायला लावले. या लायब्ररीतल्या पुस्तकांच्या मांडण्या लोखंडी आहेत आणि मधल्या मजल्यांना काचेची जमीन आहे, उजेड खालपर्यंत पोचावा म्हणून. बोर्डन यांनी येथे स्वतःची वर्गीकरण पद्धत लावली होती. त्यामुळे इतर वाचनालयांतले वर्गीकरणाचे आकडे पाठ करून थेट कपाटाशी जाऊ नका. मराठी विभाग कुठे ते विचारा आणि लेखकाच्या नावाने शोधा. सभासद व्हायचे असेल तर ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि दोन फोटो जवळ ठेवा. वर्गणी आणि अनामत किती ते तिथेच विचारून घ्या. घाईच्या दिवशी जाऊ नका. कर्मचाऱ्यांना वेळ असला की तेच चार पुस्तके काढून देतात.

जिथे पुस्तकांना विषयवार आकडे देणारी ड्यूई पद्धत आहे तिथे आकडे उपयोगी पडतात. मराठी विनोद 891.467, मराठी निबंध 891.464, गुजराती विनोद 891.477, आणि गुजरातचा इतिहास 954.75. निबंधाचा आकडा मुद्दाम दिला, कारण शहराबद्दलची निम्मी मजा 'विनोद' असा शिक्का नसलेल्या ललित लेखांत असते.

आता पुस्तक पारखणे. पुस्तक हातात घ्या आणि सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी पाच-पाच पाने चाळा. या पंधरा पानांत तुमच्या यादीतली निदान तीन नावे आली पाहिजेत. किंवा त्याच तोलाचा ऐवज हवा: खाण्याचा पदार्थ, भाडे, घराची ठेवण, शेजाऱ्यांची भांडणे. तेवढेही नसेल तर पुस्तक कितीही हसवो, शहर कळायला त्याचा उपयोग नाही. प्रकाशनाचे साल नक्की पाहा. संस्थानी काळातल्या पुस्तकातले रस्ते आज सापडतात, पण दुकाने आणि वाहने सापडत नाहीत. जुनी पुस्तके पुन्हा बांधताना कडा कापल्या जातात आणि आतल्या बाजूची अक्षरे शिवणीत जातात. अशी प्रत जोर लावून उघडू नका, पाठ तडकते. दुसरी प्रत आहे का ते विचारा.

मराठीत सुरुवात चिं. वि. जोशींपासून करावी. ते बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवत आणि पुढे संस्थानच्या दफ्तरखान्याचे काम पाहत. मात्र चिमणरावाच्या गोष्टींत पुणे पुष्कळ आहे, त्या हातात घेऊन मांडवीत फिरायला निघाल तर हिरमोड होईल. त्या वाचायच्या त्या इथल्या जुन्या मराठी घरांतला विनोद कळावा म्हणून. गायकवाडी नोकरी, पेन्शन, पाहुण्यांचा राबता, हे सारे ज्या डोळ्यांनी पाहिले जाई ते डोळे तिथे भेटतात.

खास बडोद्याचे हसू सगळ्यात जास्त सापडते ते स्मरणिकांत. मराठी साहित्य संमेलन येथे 1909, 1921, 1934 आणि 2018 साली भरले. शिवाय मराठी वाङ्मय परिषद आहे, गणेशोत्सव मंडळे आहेत, शाळा आहेत. अशा संस्थांच्या अंकांत एखादा निवृत्त मास्तर आपल्या गल्लीवर सहा पाने लिहून जातो, आणि ती सहा पाने कुठल्याच सूचीत नसतात. म्हणून वाचनालयात 'स्मरणिका आणि दिवाळी अंक कुठे ठेवता?' असे स्वतंत्र विचारा. रद्दीवाल्याकडेही हाच प्रश्न.

गुजरातीकडे वळताना एक चूक टाळा. 'गुजराती विनोद' म्हणून हाती येणारे बरेचसे लेखन सुरत, अहमदाबाद आणि मुंबईचे असते. ज्योतींद्र दवे जरूर वाचा, पण ते सुरतचे. धनसुखलाल मेहतांबरोबर त्यांनी लिहिलेली 'अमे बधां' ही कादंबरीही सुरतेची. बडोद्याचा हक्काचा माणूस म्हणजे सतराव्या शतकातला कवी प्रेमानंद. त्याच्या 'कुंवरबाईनुं मामेरुं'मध्ये (मामेरुं म्हणजे माहेरचा आहेर) सासरची मंडळी सुनेच्या गरीब बापाची टर उडवतात. ते प्रसंग टीपांसह छापलेल्या आवृत्तीतून वाचा, नुसती संहिता जड जाते.

लिपीची भीती नको. देवनागरीची शिरोरेघ काढून टाकली की बरीच अक्षरे ओळखू येतात. अ, इ, क, ख, च, ज, झ, फ, ब, भ, ल एवढ्यांकडे आठवडाभर रोज वीस मिनिटे द्या. अडकायला होते ते घ आणि ध यांत, ते फार सारखे दिसतात. र हे अक्षर आणि 2 हा गुजराती आकडा, तसेच प आणि 5, यांतही घोटाळा होतो. घर क्रमांक वाचताना हे लक्षात ठेवा. पहिले पुस्तक मुलांचे घ्या. जीवराम जोशींचे 'मियां फुसकी' किंवा 'छको मको' यांत वाक्ये लहान आणि गंमत उघड असते. त्यानंतर काका कालेलकरांचे 'ओतराती दीवालो', तुरुंगातल्या मुंग्या-पाखरांवरचे छोटेसे पुस्तक. मातृभाषा मराठी असलेल्या माणसाने लिहिलेली ही गुजराती आपल्याला चटकन समजते. तेही 1910 च्या सुमारास बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात होते.

वाचताना ओळखीचे शब्दच दगा देतात. 'नवरो बेठो छे' म्हणजे कुणाचा नवरा बसलेला नाही, माणूस रिकामा बसला आहे. 'वाळू' म्हणजे रात्रीचे जेवण, 'चोपडी' म्हणजे पुस्तक. असे शब्द वहीच्या मागच्या पानावर टिपत जा. पन्नास झाले की शब्दकोश फारसा लागत नाही.

एका वेळी एकच लेख घ्या, दहा पानांच्या आतला. त्यातली नावे नकाशावर पेन्सिलीने खुणा करून जोडा आणि त्याच आठवड्यात चालून या. मांडवीपासून लहेरीपुरा दरवाजातून न्यायमंदिर, पुढे सुरसागर, तिथून दांडिया बाजार, एवढा पट्टा एका सकाळी होतो. लेखातली जी जागा सापडणार नाही ती तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराला विचारा, आणि विचारताना पुस्तकातले जुने नावच घ्या.