माळरानावरचे शिकारी पक्षी कसे पाहायचे, कसे टिपायचे

शिकारी पक्षी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दाट जंगल येतं. ते पाहायचे असतील तर पुणे जिल्ह्यातल्या सासवड, जेजुरी, सुपे, इंदापूर या पट्ट्यातलं उघडं माळरान गाठा. कागदोपत्री अनेकदा ‘पडीक’ ठरणाऱ्या या गवतावर हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी येतात. ही जमीन पडीक म्हणवली जाते याचं मला फार वाईट वाटतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली एखादी सकाळ निवडा आणि उजाडायच्या आत पोहोचा. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण, मातकट रंगाचे कपडे, टोपी, पाणी, वही एवढं पुरे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य किंवा वन विभागाचं इतर कुठलं क्षेत्र असेल, तर प्रवेशाची चौकशी आधी करा. खासगी रानात शिरायचं तर मालकाला विचारूनच.

सुरुवात कापशी या छोट्या घारीपासून करा. पांढुरकी, खांद्यावर काळा डाग, डोळा लालभडक. विजेच्या तारेवर किंवा बाभळीच्या शेंड्यावर ती उघडी बसलेली असते, त्यामुळे सापडायला सोपी. उंदीर दिसला की हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते, मग पंख वर धरून जिना उतरल्यासारखी टप्प्याटप्प्याने खाली येते. एकाच कापशीला तासभर पाहा. दहा जातींची नावं लिहून घेण्यापेक्षा हा तास जास्त शिकवतो.

आता वारा आणि ऊन, कारण सगळं छायाचित्रण यावर उभं आहे. हवेत थांबणारा पक्षी तोंड नेहमी वाऱ्याकडे करतो, फांदीवरून उडतानाही बहुधा वाऱ्याकडे तोंड करूनच झेपावतो. म्हणून आधी चिमूटभर माती सोडून वारा बघा. सकाळी वारा पूर्वेकडून असेल तर पक्ष्याच्या पूर्वेला, सूर्याकडे पाठ करून थांबा. त्याचं तोंड तुमच्याकडे येईल आणि डोळ्यात उजेडाचा ठिपका चमकेल. तोच वारा संध्याकाळी असेल तर मावळतीचं ऊन त्याच्या पाठीवर पडतं आणि चेहरा काळवंडतो. पक्ष्याच्या मागे चालत गेलात, तर हाती त्याची पाठच लागते. जागा धरून बसा आणि त्याला येऊ द्या.

रस्त्याकडेला गाडी असेल तर तीच तुमची लपण. इंजिन बंद करा, काच खाली घ्या, खिडकीवर तांदळाची छोटी पिशवी ठेवून लेन्स टेकवा. गाडीला न बुजणारी कापशी दार उघडताच उडते. पायी असाल तर सरळ चाल करू नका. तिरके, थांबत थांबत जा. तिने मान ताणली, अंग आवळलं किंवा शीट टाकली की ती उडायच्या बेतात आहे. तिथेच थांबा.

कॅमेऱ्याला ३०० मिमी किंवा त्याहून मोठी लेन्स हवी. उडत्या पक्ष्यासाठी शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा, फोकस सतत पाठलाग करणारा. आभाळ उजळ असेल तर पक्षी काळा येतो, म्हणून एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) साधारण +१ करा. पांढऱ्या कापशीवर थेट ऊन असेल तर मात्र ते कमी करा, नाहीतर पिसांचा तपशील उडून जाईल.

नऊ-दहानंतर जमीन तापते, तिच्यावरची तापलेली हवा वर चढते आणि मोठे पक्षी त्या हवेवर घिरट्या घालू लागतात. आता आकृती वाचा. शेपटी मध्ये खाचेची असेल तर घार. पंख टोकदार आणि पक्षी हवेत थांबत असेल तर खरुची. पंख आखूड, गोलसर असतील तर शिक्रा. डोकं घुबडासारखं मोठं, पोट फिकट, हवेत थांबताना पाय लोंबकळलेले, तर सापमार गरुड. पंख उथळ ‘व्ही’सारखे धरून गवतालगत डुलत जाणारा तो भोवत्या. त्यातल्या नरांत पंखावर काळी आडवी पट्टी असेल तर मॉन्टेग्यू जातीचा. पट्टी नसून टोकाला फक्त काळी पाचर असेल तर पॅलिड जातीचा. माद्या मात्र फार सारख्या दिसतात, छायाचित्र घेऊन घरी निवांत ताडून पाहा.

वाटेत धनगर भेटले तर रामराम घालून दोन मिनिटं थांबा. लांडगा कुठून फिरला, खोकडाचं बीळ कुठल्या बांधाला आहे, हे त्यांना रोजच्या चालण्यातून ठाऊक असतं. बिळाचा पत्ता कळला तरी लांबूनच बघा. चिंकारा दिसली तर पाठलाग नको, खाली बसा. थोड्या वेळाने ती पुन्हा चरू लागते.

घरट्याजवळ जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे छेडछाड करणं गुन्हा आहे. आमिष लावणं, आवाज वाजवून बोलावणं, ड्रोन उडवणं हेही नको. छायाचित्र टाकताना घरट्याचं ठिकाण लिहू नका. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करायच्या असतील तर संख्या, वेळ आणि चाललेलं अंतर त्याच दिवशी वहीतून उतरवा.

आणि सूर्य मावळेपर्यंत थांबा. भोवत्या रात्री झाडावर नाही, उंच गवतात जमिनीवर झोपतात आणि सांजेला एकेक करून त्याच जागी जमतात. त्या वेळी गवतात पाऊल टाकू नका. कॅमेरा पिशवीत ठेवा, रस्त्यावरच उभे राहा आणि शेवटचा पक्षी उतरेपर्यंत मोजत राहा.