केळकर संग्रहालयाची सहल: गर्दीवर काढलेला तोडगा

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणजे जुना वाडा. खोल्या अरुंद, जिने तसेच. सहावीचा अख्खा वर्ग एकदम आत शिरला की मागच्यांना फक्त पुढच्यांची डोकी दिसतात.

म्हणून वर्गाचे दोन भाग केले. एक भाग आत, दुसरा बाजीराव रस्त्यानेच चालत विश्रामबागवाड्याकडे, दर्शनी भागातले सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब बघायला. मग अदलाबदल. तारीख आणि गटाची वेळ आधीच फोनवर ठरवून घेतली.

मुलांनी माहिती भरायचे कागद मात्र बंद केले. मुलं वस्तूजवळच्या पाटीवरचा मजकूर उतरवत बसतात आणि वस्तूकडे बघतच नाहीत. त्याऐवजी प्रत्येक गटाला एकच काम: अडकित्ते, दिवे, पाय घासायची वज्री किंवा वाद्यं यांतली आवडेल ती एक वस्तू निवडा, पेन्सिलने चित्र काढा, घरी आजी-आजोबांना दाखवून ‘हे तुमच्याकडे होतं का?’ विचारा. अडकित्त्यांनी सगळ्यांवर मात केली. घोड्याच्या आकाराचा अडकित्ता सापडला की पोरं हलत नाहीत. संग्रहालयातल्याच मस्तानी महालासाठी सगळेच थांबतात, तिथे एक शिक्षक उभाच ठेवा. दप्तरं बसमध्येच.