बॉनेटखालची टिकटिक : टॅपेट की पर्ज व्हॉल्व्ह?

पेट्रोल गाडी तापल्यावर सिग्नलला उभी असताना बॉनेटखालून टिकटिक ऐकू येऊ लागली की पहिला संशय बहुधा टॅपेटवर (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागावर) घेतला जातो. पुष्कळदा मात्र हा आवाज पर्ज व्हॉल्व्हचा असतो. टाकीत तयार होणारी पेट्रोलची वाफ हवेत न सोडता कोळशाने भरलेल्या कॅनिस्टरमध्ये साठवली जाते आणि इंजिन पुरेसे तापले की ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) या विद्युत व्हॉल्व्हची भराभर उघडझाप करून ती वाफ इनटेक मॅनिफोल्डकडे (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांकडे) सोडतो. हलकी टिकटिक म्हणजे ही उघडझापच होय. तो दोष नव्हे.

निदानाची सुरुवात कानाने करावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दुसऱ्या कोणाला ॲक्सिलरेटर हलकेच दाबायला सांगावे. टॅपेटची किंवा इंजेक्टरची (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाची) टिकटिक इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर जलद होते. पर्ज व्हॉल्व्ह स्वतःच्याच ठेक्यात चालतो, मध्येच थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. हा फरक कळला की टॅपेट सेटिंगचा खर्च वाचू शकतो.

त्यानंतर प्रत्यक्ष व्हॉल्व्ह शोधावा. बहुतेक गाड्यांत तो इनटेक मॅनिफोल्डच्या आसपास असतो : दोन नळ्या आणि दोन तारांचा कनेक्टर जोडलेली, प्लॅस्टिकची छोटी काळी डबी. पंखा व बेल्ट यांपासून हात दूर ठेवून तिला बोट लावल्यास ठोके जाणवतात. कनेक्टर काढताच आवाज बंद झाला, तर उगम तोच. (या चाचणीने इंजिनाचा दिवा लागू शकतो, नंतर गाडीला जोडायच्या स्कॅनरने बिघाडाचा कोड पुसून घ्यावा.) आवाज बारीक असूनही केबिनमध्ये घुमत असेल, तर व्हॉल्व्हचे रबरी बुश कडक झाले आहे का, किंवा क्लिप निघाल्याने नळी बॉडीला टेकली आहे का, ते पाहावे. असे असल्यास नवा व्हॉल्व्ह घेण्याची घाई करू नये.

खरी बिघाडाची चाचणी पुढची आहे. ती मोकळ्या हवेत, जवळपास ज्योत किंवा सिगारेट नसताना करावी, कारण नळीत पेट्रोलची वाफ असते. कनेक्टर काढलेला असताना, इंजिन आयडलिंगवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) ठेवून, कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हपासून सोडवावी आणि व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट ठेवावे. वीज नसताना व्हॉल्व्ह पूर्ण बंद असला पाहिजे. तरीही बोट ओढले जात असेल, तर तो उघडा अडकला आहे. अशा गाडीचे आयडलिंग अस्थिर असते आणि पेट्रोल भरल्यावर लगेच ती सुरू व्हायला त्रास देते. स्कॅनरवर पी०४४१ किंवा पी०४९६ हा कोड मिळाल्यास संशय पक्का होतो.

टाकीचे झाकण उघडताना उन्हाळ्यात थोडा फुसकारा येणे स्वाभाविक आहे. दर वेळी हवा जोराने आत ओढली जात असेल, तर कॅनिस्टरची हवा आत घेणारी वाट धुळीने किंवा चिखलाने तुंबलेली असू शकते. अमेरिकेत २०११ साली माझदा ६ गाड्या याच वाटेत कोळी जाळी विणतात म्हणून परत मागवाव्या लागल्या होत्या. टाकीला तडा जाण्याची भीती होती. बंद करून काही तास उलटलेल्या गाडीच्या मागच्या भागातून बारीक घरघर आली, तर घाबरू नये : काही मॉडेलांत, उदाहरणार्थ टोयोटाच्या, गळती तपासणारा पंप गाडी बंद केल्यावर सुमारे ५ तासांनी आपोआप चालतो.

व्हॉल्व्ह बदलायचाच असेल, तर जुना काढून पांढऱ्या कागदावर आपटून पाहावा. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही राउंड फिगरसाठी पेट्रोल भरत राहिल्यास द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरते आणि कोळसा खराब होतो. कागदावर या कोळशाचे काळे कण पडले, तर कॅनिस्टरही बदलावा आणि मधली नळी हवेने झाडून घ्यावी. नाहीतर तेच कण नव्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात.