घरच्या पीसीसाठी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड कसं निवडावं?

कॉम्प्युटरचं कोटेशन काढायला गेलं की काउंटरवर दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "आय७ आहे काका, बघायलाच नको." आणि "चार जीबीचं ग्राफिक्स कार्डही टाकून देतो." दोन्हींना लगेच मान डोलवू नका.

आधी कामांची यादी करा

ऑनलाइन क्लास, टॅली, मराठी टायपिंग, बँकेची कामं, यूट्यूब, टूडी ऑटोकॅड. यांतलं एकही काम वेगळं ग्राफिक्स कार्ड मागत नाही. कार्ड लागतं ते नव्या, जड गेमना, ब्लेंडरसारख्या थ्रीडी कामाला आणि रोजच्या व्हिडिओ एडिटिंगला. तुमची यादी पहिल्या गटातच संपत असेल, तर कार्डाचे पैसे एसएसडी आणि रॅमकडे वळवा.

मग प्रोसेसरचं पूर्ण नाव विचारा

नुसतं "आय७" म्हणजे नुसतं आडनाव. आय७-३७७० हा २०१२ सालचा, तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर. आय३-१२१०० हा २०२२ चा, बाराव्या पिढीचा. कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोघांनाही चारच, पण हा आय३ त्या आय७ला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे "रिफर्बिश्ड आय७, एकदम स्वस्त" अशी जाहिरात दिसली की पहिला प्रश्न पिढीचा.

नावातलं शेवटचं अक्षरही तितकंच महत्त्वाचं. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल, तर आत ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळ्या कार्डाशिवाय स्क्रीनवर चित्रच येत नाही. एएमडी या दुसऱ्या कंपनीचा रायझन ५ ५६०० बिनग्राफिक्सचा, ५६००जी ग्राफिक्ससकट. (रायझनच्या ७००० मालिकेपासून, एफ नसेल तर, डिस्प्लेपुरतं ग्राफिक्स आत असतं.) हे मी स्वतः पैसे मोजून शिकलोय. भाच्यासाठी थोडा स्वस्त म्हणून इंटेलचा आय५-१२४००एफ मागवला, कार्ड घ्यायचं नव्हतंच. जोडणी झाली, पंखे फिरले, स्क्रीन मात्र काळी. तीन तास आम्ही मामा-भाचे केबली बदलत बसलो.

कार्ड नको असेल तर

ऑफिसचं काम आणि व्हिडिओ एवढंच असेल तर आय३-१२१०० पुरेसा आहे. एव्ही१ हा नवा व्हिडिओ फॉरमॅट तो हार्डवेअरवर, म्हणजे कोअरवर ताण न देता चालवतो. ५६००जी ला ते जमत नाही. पण घरात व्हॅलोरंट किंवा जीटीए ५ खेळणारं कुणी असेल, तर ५६००जी घ्या. सहा कोअर आणि आतलं वेगा ग्राफिक्स, सेटिंग उतरवून खेळायला चांगलं चालतं.

इथे एक गोष्ट मी कुणालाही दोनदा सांगतो. १६ जीबीची एक रॅम घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनवारी करतं. डीडीआर४-३२०० ची एकच पट्टी म्हणजे एकपदरी घाट, सेकंदाला २५.६ जीबी. दोन पट्ट्या लावल्या की ५१.२. गेममधला फरक डोळ्यांना दिसतो. मदरबोर्डवर चार खाचा असतील तर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी वापरायची. मॅन्युअलमध्ये चित्र असतं.

कार्ड हवंच असेल तर

आता क्रम उलटा. आधी कार्ड ठरवा, उरलेल्या पैशात प्रोसेसर.

जीटी ७१० आणि जीटी ७३० यांना हातही लावू नका. दशकाहून जुनी कार्डं आहेत आणि ५६००जी च्या आतल्या ग्राफिक्सपेक्षाही मंद. डब्यावर "४ जीबी" लिहिलं म्हणून काही होत नाही. मंद मेमरी कितीही असली तरी मंदच.

आरएक्स ६५०० एक्सटी हा जरा वेगळा सापळा. कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेस रस्त्याच्या त्याला चारच लेन आहेत. बोर्ड आणि प्रोसेसर या रस्त्याच्या ४.० आवृत्तीचे असतील तर निभावतं. ५६००जी मात्र ३.०चाच, त्यामुळे ही जोडी जमत नाही. त्या कार्डात व्हिडिओ एन्कोडरही नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड करायचा भार प्रोसेसरवर.

फुल एचडी मॉनिटरसाठी आरएक्स ६६०० हे माझ्या मते अजूनही शहाण्या माणसाचं कार्ड: ८ जीबी, १३२ वॅट, एकच आठ पिनची वायर. सोबत रायझन ५ ५६०० किंवा १२४००एफ. आरटीएक्स ३०५० घेताना ८ जीबी की ६ जीबी ते नीट विचारा. ६ जीबीवालं २०२४ चं, कमी कोअरचं, पण ७० वॅटचं. बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही, म्हणून जुन्या ऑफिस पीसीत बसवायला सोयीचं.

कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या "५०० वॅट" एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डब्यावर) यांतलं कुठलंच कार्ड चढवू नका. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला ५०० ते ५५० वॅटचा घ्या.

सेकंडहँड आरएक्स ५८० भरपूर दिसतात. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवर चालणारं इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग बंद पडलं आणि राबवलेली कार्डं बाजारात आली. घ्यायचंच असेल तर दुकानातच जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून शेडर (कार्डातले छोटे कोअर) मोजा. खऱ्या ५८० ला २३०४ असतात. २०४८ दिसले तर तो उतरवलेला अवतार.

बिल आणि जोडणी

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की ऑनलाइन, जीएसटी बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर बॉक्सवालाच मागा. कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी त्यालाच असते. ट्रे म्हणून सुटा मिळणारा थोडा स्वस्त पडतो, पण पुढे बिघडला तर दुकानदाराच्या शब्दावर.

घरी आल्यावर मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डच्या खाचेत नाही. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने चार महिने नवं कार्ड असूनही आतल्या ग्राफिक्सवर गेम खेळला, आणि कार्ड खराब निघालं म्हणून दुकानदाराशी भांडूनही आला.