तुझ्या प्रोजेक्टमध्ये तू काय केलंस?

आयटीतल्या नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत मी ह्याच प्रश्नावर आपटलो. रेझ्युमेत 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' असं ठळक टाइप केलं होतं. ग्रुपमध्ये आम्ही चौघं. कोड एकाने लिहिला, दोघांनी रिपोर्ट, आणि मी झेरॉक्सवाल्याकडून बाइंडिंग करून आणलं. समोरच्या सरांनी शांतपणे विचारलं, "शेवटची एकच प्रत उरलीय आणि दोन मेंबरनी एकदम मागितली, तर तुमची सिस्टिम काय करते?"

"एरर देते."

"कुठला?"

पुढचं सांगत नाही.

घरी येऊन रेझ्युमे उघडला आणि ज्यावर पाच मिनिटं बोलता येणार नाही ते सगळं उडवलं. मशीन लर्निंग गेलं, पायथनपुढचं 'एक्स्पर्ट' गेलं. दोन पानांचा रेझ्युमे पाऊण पानावर आला. मग मित्राचा कोड मागून घेतला आणि महिनाभर बसून लायब्ररीच्या डेटाबेसमधली टेबलं स्वतः नव्याने बांधली. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतले जॉइन, म्हणजे टेबलं एकमेकांना जोडणं, मला तेव्हा कळले, कॉलेजात नाही.

टीसीएसची एनक्यूटी ही भरतीची परीक्षा असो की आणखी कुठली परीक्षा, ॲप्टिट्यूडचा सराव तुम्ही करालच, त्यावर लिहीत नाही. मात्र अर्जाआधी पात्रता नीट वाचा. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्री, सगळीकडे ६० टक्के ही अट बऱ्याच ठिकाणी असते. शिक्षणात गॅप असेल तर लपवू नका, कागदपत्रं तपासताना तो निघतोच.

दुसरी मुलाखत दुसऱ्या कंपनीत. टेक्निकल, मॅनेजेरियल आणि एचआर, तिन्ही एकाच बैठकीत. डिलीट, ट्रंकेट आणि ड्रॉप या एसक्यूएलच्या कमांडमधला फरक विचारून झाला. मग कागद पुढे सरकवून मॅडम म्हणाल्या, "पॅलिंड्रोम ओळखणारा कोड लिही." लिहिला. पॅलिंड्रोम म्हणजे उलट वाचलं तरी तेच राहणारं. उदाहरण म्हणून तोंडातून सहज निघून गेलं, "रामाला भाला मारा." मॅडम मराठीच निघाल्या. हसल्या आणि म्हणाल्या, "तुझा कोड हे ओळखेल?"

मी ठोकून दिलं, हो. मग कागदावर एकेक अक्षर सुटं करून बघितलं. कॉम्प्युटर अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो त्या युनिकोडमध्ये 'रा' म्हणजे 'र' आणि काना अशी दोन चिन्हं. उलटं केलं की काना आधी येतो. वर मधल्या स्पेसही जागा बदलतात. म्हटलं, "मॅडम, चुकलो. नाही ओळखणार." त्यावर दहा मिनिटं गप्पा झाल्या. उत्तर चुकूनही ती मुलाखत चांगली गेली असं मला तिथेच वाटलं.

इंग्रजीची धास्ती मलाही होती, दहावीपर्यंत मराठी माध्यम. पाठ केलेलं 'माय सेल्फ' दुसऱ्या वाक्याला अडखळतं, म्हणून ते सोडलं आणि छोटी वाक्यं बोललो. कुणी व्याकरण काढलं नाही.

एचआरमध्ये दोन प्रश्न ठरलेले: शिफ्ट चालेल का, आणि कुठेही जाशील का? विचार करूनच 'हो' म्हणा. पगाराचाही हिशोब तिथेच समजून घ्या. वर्षाचे ३.३६ लाख म्हणजे महिन्याला २८ हजार हातात, असं नसतं. पीएफ वगैरे त्यातूनच जातं. सर्व्हिस ॲग्रीमेंट, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, असेल तर किती महिन्यांचं आणि मोडल्यास किती पैसे भरावे लागतात, हे सहीआधी वाचा.

मी 'कुठेही' म्हणालो होतो. ऑफर लेटरवर चेन्नई आलं. आई म्हणाली, "पुणं नव्हतं का त्यांच्याकडे?" होतं की. मी मागितलंच नव्हतं.